सोळाव्या दिवशी काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, समाजसेवकही नाही. पण एका अनुभवाने या विषयाकडे ओढला गेलो.

आमच्या साइटवरील एका कंत्राटी मजुराची आयुष्मान भारत योजनेतून अँजिओप्लास्टी झाली. एक रुपया लागला नाही. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला इस्पितळात दाखल झाल्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आरोग्यमित्र कार्ड तपासतो, मंजुरीचे कागद पुढे पाठवतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

परंतु घरी गेल्यानंतरच्या औषधांचा खर्च योजनेत १५ दिवसांपुरताच धरलेला असतो. त्याच्या गोळ्या संपल्या. छातीत दुखत नव्हते, म्हणून त्याने पुन्हा आणल्या नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते. महिनाभरात तो पुन्हा दाखल झाला. सुदैवाने वाचला.

घरी कमावते कोण, औषध कोण आणणार, तपासणीसाठी खाडा परवडेल का, हे प्रश्न अर्जात नसतात. ते विचारणे आणि स्वस्त औषधांचे जनऔषधी केंद्र दाखवणे, हे वैद्यकीय समाजसेवकाचे काम. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली हे काम सुरू केले. मुंबईत त्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ साली निघाली. म्हणजे कल्पना जुनीच आहे. आपण तिचा उपयोग करून घेत नाही.

रुळाची दुरुस्ती झाली की आम्ही गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाही. काही दिवस वेगमर्यादा असते, गँगमन नजर ठेवतो. रुग्णाचेही तसेच आहे.

म्हणून विनंती अशी : रुग्ण दाखल होईल त्याच दिवशी समाजसेवा विभाग कोठे आहे ते विचारा. घरची खरी परिस्थिती सांगा, त्यात कमीपणा नाही. योजनेची माहिती १४५५५ या क्रमांकावर मिळते. आणि मंडळाने चार-पाच कार्यकर्त्यांची यादी करावी. रुग्णासोबत जाऊन इथली भाषा समजावून सांगायची, आणि सोळाव्या दिवशी त्याच्या घरी जाऊन गोळ्या आहेत ना, एवढे पाहायचे.

यादीत पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!