थट्टा पुरे, कार्ड वाचा

(अल नहदा इथं रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण)



आठवड्याची एकच सुट्टी, तीही कपडे धुण्यात जाते. तरी आलात, म्हणून थेट बोलतो.

आमच्या खोलीत साताऱ्याकडचे एक काका होते, वय ५७. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचे. आठ जणांत एक बाथरूम, आम्ही थट्टा करायचो. मग ते भर उन्हाच्या कामातही पाणी कमी प्यायला लागले. कंबर दुखली की बाम चोळायचे. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणायचे, "कंपनीला कळलं तर व्हिसा रिन्यू होईल का रे?" गावी गेल्यावर तपासणी झाली, तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता. त्या थट्टेची मला अजून लाज वाटते.

रात्री उठावं लागलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेकांची ग्रंथी वयानुसार नुसती वाढलेली असते. पण पन्नाशी उलटली असेल, लघवीतून रक्त जात असेल, कंबरदुखी थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. पीएसए नावाची साधी रक्ततपासणी असते. आकडा वाढला तरी घाबरू नका, पुढच्या तपासण्यांवरून निदान ठरतं. आणि "व्हिसाचं मेडिकल पास झालोय" यावर विसंबू नका. तिथं टीबी, एचआयव्हीसारखे संसर्गजन्य आजार बघतात, प्रोस्टेट नाही.

आता न्यायाचं बोलू. आपलं अल नहदा अर्धं दुबईत, अर्धं शारजात. दुबईत २०१३ च्या कायद्यानं कामगाराचा आरोग्यविमा काढणं मालकाला बंधनकारक झालं. शारजात ही सक्ती आली १ जानेवारी २०२५ पासून, व्हिसा नवीन काढताना किंवा रिन्यू करताना. मधे एक रस्ता, पण इतकी वर्षं न्याय वेगळा! आणि लक्षात ठेवा, विमा ठरतो तो व्हिसा कुठला यावर, आपण झोपतो कुठं यावर नाही.

दुबईतही सगळं आलबेल नाही. बेसिक पॉलिसीला वर्षाला १,५०,००० दिरहमची मर्यादा. 'बस्मा' योजना आली ती स्तन, मोठं आतडं आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. प्रोस्टेट त्या तिघांत नव्हता. साहेबाचं कार्ड वेगळं, हेल्परचं वेगळं, आजार मात्र दोघांना सारखाच. म्हणून प्रोस्टेटलाही तसाच आधार मिळावा, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर हातात आहे ते सोडू नका. विम्याचा हप्ता मालकानं भरायचा, पगारातून कापायचा नाही. २०२१ च्या कामगार कायद्यानं प्रोबेशननंतर वर्षाला ९० दिवस आजारी रजा मिळते: १५ दिवस पूर्ण पगारी, ३० अर्ध्या पगाराची, ४५ बिनपगारी. त्या रजेत कामावरून काढता येत नाही. म्हणून घाबरून राजीनाम्यावर सही करू नका. अडलात तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन करा: ८००४६३४२.

गावी जायची वेळ आलीच, तर रिपोर्ट आणि बायोप्सीच्या स्लाइड सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. त्यासाठी घरच्यांना रेशनकार्ड आणि आधार आजच नीट करून ठेवायला सांगा.

आज खोलीवर गेलात की दोन कामं करा. आपलं कार्ड वाचा. आणि रात्री उठणाऱ्या काकांना हसण्याऐवजी विचारा, "काका, सोबत येऊ का दवाखान्यात?"