ओठांवरील फोड आणि दांपत्याची दक्षता

ताप उतरतांना ओठाच्या कडेवर बारीक फोडांचा पुंजका उठतो, ठणकतो, फुटतो, खपली धरतो आणि बहुधा आठ-दहा दिवसांत नाहींसा होतो. घरांतील वडीलधारी मंडळी ‘तापाचे फोड’ म्हणून तो सोडून देतात. परंतु एखादी नवविवाहिता डॉक्टरांकडे जाते, तेथें ‘हर्पीस’ हें नांव ऐकते आणि घरीं परततांच पतीच्या मुद्रेवर संशयाची छाया पसरते.

हा संशय बहुधा निराधार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं पन्नाशीच्या आंतील सुमारें ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शेंकडा ६४ जणांच्या, देहांत या विकाराच्या पहिल्या जातीचा विषाणु वसत होता. पुष्कळांस तो बाळपणींच, एखाद्या आत्याच्या वा मावशीच्या मुक्यांतून मिळालेला असतो. कित्येकांस जन्मभर एकही फोड येत नाहीं. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशीं तो दडून बसतो आणि ताप, कडक ऊन, मनस्ताप, मासिक पाळी असें कांहीं निमित्त होतांच त्याच वाटेनें ओठावर परततो. तेव्हां आजचा फोड हा कालच्या दुराचाराचा पुरावा नव्हे. (नागीण ती निराळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची करणी. कूळ मात्र एकच.)

फोड उठण्यापूर्वीं ओठास मुंग्या येतात, चुरचुरतें. पथ्य तेथूनच सुरू व्हावें. खपली गळून त्वचा पूर्ववत् होईपर्यंत चुंबन वर्ज्य. पेला, चमचा, टॉवेल व दाढीचें पातें स्वतंत्र. फोडास बोट लागल्यास साबणानें हात धुवावे, कारण तेंच बोट डोळ्यास लागल्यास बुबुळास इजा होण्याचें भय असतें. असायक्लोव्हिरसारखें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें चुरचुर लागतांच घेतल्यास दुखणें लवकर आटोपतें. विषाणूचें निर्मूलन मात्र त्यानें होत नाहीं.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगणें प्राप्त आहे. फोड असलेल्या मुखाचा जननेंद्रियाशीं संपर्क झाल्यास रोग तेथेंही जडतो. एरवीं रबरी आवरणानें धोका कमी होतो. फोड असतां तो प्रकार सर्वथा टाळावा. पत्नी गर्भवती असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत विशेषच, कारण त्या सुमारास तिला हा संसर्ग प्रथमच झाल्यास प्रसूतींत तो बालकास होऊं शकतो. फोड दिसत नसतांही विषाणु अधूनमधून लाळेंत उतरतो, म्हणून संपूर्ण हमी कोणासच देतां येत नाहीं. पतिपत्नींनीं एकमेकांस आधींच मोकळेपणानें सांगितलेलें बरें.

नवजात अर्भकास तर हा रोग प्राणघातक ठरूं शकतो, आणि पहिल्या चार आठवड्यांत धोका सर्वांत अधिक. बारसें येतें तें बाराव्या दिवशीं! ज्याच्या ओठावर फोड आहे अशा पाहुण्यानें, मग तो प्रत्यक्ष पिता कां असेना, बाळाचा मुका घेऊं नये. बाळ मलूल झालें, दूध घेईनासें झालें, ताप वा अंगावर फोड दिसला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें आणि घरांत कोणास ओठावर फोड आला होता हें तेथील डॉक्टरांस आपण होऊन सांगावें.