फिजिकल थेरपिस्ट व्हायचंय?
(मंडळाच्या करिअर मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



‘फिजिकल थेरपी म्हणजे मालिशच ना?’ असं आपल्यातले काहीजण अजून विचारतात. तर ऐका. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांचं कॉलेज, त्यात अ‍ॅनाटॉमी, फिजिक्स, केमिस्ट्री; मग साधारण तीन वर्षांची डीपीटी, म्हणजे डॉक्टरेट. त्यानंतर एनपीटीई परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. मुलांनो, कोर्सला कॅप्टे या संस्थेची मान्यता आहे ना, ते आधी बघा. खर्च भरपूर, म्हणून स्टेट युनिव्हर्सिटीचाही विचार करा.

आता भारतातून बीपीटी करून, लग्न होऊन इथे आलेल्या मुलींशी बोलते. तुमची डिग्री इथे आपोआप चालत नाही. तिची विषयवार तपासणी होते, कमी पडलेले विषय पुरे करावे लागतात आणि परीक्षा तीच, एनपीटीई. राज्याराज्यांचे नियम वेगळे, तेव्हा बोर्डाला विचारल्याशिवाय फी भरू नका. व्हिसावर काम करता येतं का, हा प्रश्न आणखी निराळा. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर लग्नाचा दाखला जवळ ठेवा. युनिव्हर्सिटीतून कागद यायला महिने लागतात. माहेरी कुणाला तरी आजच कामाला लावा.

आणि सासूबाई, ती अभ्यासाला बसली की नातवंडं तुमच्याकडे हं!

चहाच्या वेळी मी इथेच आहे. मार्कशीट घेऊन या, बघू.