गाऊट : दुखणे थांबले म्हणजे आजार गेला का?



आज आम्ही गाऊट या आजाराविषयी चार शब्द बोलणार आहोत. धडधाकट झोपलेला माणूस पहाटे उठतो तो पायाचा अंगठा लाल होऊन सुजलेला असतो; पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातील युरिक ॲसिड वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचतात. हातावर पोट असलेल्याची मजुरी बुडते.

पुष्कळजण सांगतात, "होमिओपॅथीच्या गोळ्यांनी आठ दिवसांत बरे वाटले." त्यांचा अनुभव आम्ही खोटा म्हणत नाही. परंतु गाऊटचा झटका औषधाशिवायही साधारण १ ते २ आठवड्यांत ओसरतो. श्रेय गोळ्यांना जाते, युरिक ॲसिड मात्र तसेच राहते. मग झटके वारंवार येतात, गाठी होतात, मुतखडा होतो. होमिओपॅथी कोणत्याही आजारावर गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली काढला. कोल्चिकम ३० मध्ये मूळ वनस्पतीचा अंशही उरत नाही. त्याच वनस्पतीतील कोल्चिसिन हे औषध डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, कारण जास्त झाल्यास ते विषारी ठरते.

पथ्य मात्र खरोखर उपयोगी आहे. दारू, विशेषतः बिअर, सोडावी. काळीज, वजडी, सुकट, तारली आणि गोड थंड पेये टाळावीत. पाणी भरपूर प्यावे. वजन हळूहळू उतरवावे. कडक उपासाने झटका येऊ शकतो. डाळी बंद करण्याचे कारण नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात डाळी-भाज्यांमुळे गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. दूध-दह्याने तो कमी झालेला दिसला.

तथापि नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड थोडेच उतरते. झटके वारंवार येत असतील तर ते ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवावे लागते. त्यासाठी ॲलोप्युरिनॉलसारखे औषध डॉक्टर कमी मात्रेने सुरू करून वाढवतात. सुरुवातीला झटके येऊ शकतात. तेवढ्याने औषध सोडू नये. अंगावर पुरळ उठल्यास मात्र गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

बंधू-भगिनींनो, दुखणे थांबले यावर विसंबू नका. रक्त तपासा, आकडा वहीत लिहून ठेवा. विद्यार्थी मित्रांनी घरच्या वडीलधाऱ्यांची ही वही सांभाळावी, एवढीच आमची विनंती.