बाहेर पडण्याची वाट

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सभागृह उभारताना प्रवेशद्वाराच्या कमानीचा आपण पुष्कळ विचार करतो. परंतु संकटसमयी शेकडो माणसे बाहेर कशी पडतील, हा विचार मागे राहतो. तोच आज आपणांपुढे मांडतो.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळाच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली. बाल्कनीतील प्रेक्षकांचा घात ज्वालांनी नव्हे, धुराने केला. जादा खुर्च्यांसाठी एक वाट बंद केलेली होती. ५९ जणांचे प्राण गेले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत अरुंद जिन्याच्या इमारतीत ९४ बालके दगावली.

निर्गमनमार्ग म्हणजे केवळ दार नव्हे. आसनापासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून मोकळ्या जागेपर्यंत तो अखंड असावा लागतो. एक दुवा तुटला की सारा मार्ग व्यर्थ. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार सभागृहाचे दार व जिना किमान २ मीटर रुंद हवेत. दारे बाहेरच्या दिशेने उघडावीत. कारण मागून रेटा आल्यावर आत ओढायचे दार कोणालाच उघडता येत नाही. दोन मार्ग परस्परांपासून दूर असावेत, म्हणजे एक धुराने कोंडला तरी दुसरा उरतो. उघडा जिना धुराड्यासारखा धूर वर खेचतो. म्हणून तो अग्निरोधक दाराने बंदिस्त असावा. वीज गेली तरी बाहेरचा रस्ता दाखवणारे दिवे जळत राहावेत. लिफ्ट मात्र कटाक्षाने टाळावी.

आपल्या नित्याच्या सवयींकडेही पाहू. चोरीच्या भयाने मागील दाराला कुलूप, मंडपाच्या पडद्याआड गेलेली पाटी, जिन्यात रचलेल्या गाद्या आणि उंबऱ्याशी चपलांचा ढीग! आतून केवळ दाबताच उघडणारा आडवा दांडा बसविल्यास चोरीचे भय राहत नाही आणि वाटही अडत नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. परंतु कागद दार उघडत नाही. म्हणून प्रत्येक समारंभापूर्वी एका विश्वस्तांनी सर्व वाटा स्वतः चालून, प्रत्येक दार स्वहस्ते उघडून पाहावे. काठी टेकत येणाऱ्या आजींना जी वाट सुकर, तीच सर्वांना सुरक्षित.

एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.