आडवी चौकट, उभी चौकट



निसर्गाचे छायाचित्र आडवे घ्यावे की उभे, यात बोलण्यासारखे आहे तरी काय, असे पत्रिका वाचून पुष्कळांनी आम्हांला विचारले. इतर गावी हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेला तरी चालेल. काटोलात तसे करून भागायचे नाही.

या मुलखात डोंगर बेताचेच. जाम नदीचे पात्र, कपाशीची वावरे, संत्र्याच्या बागा, सारे आडवे पसरलेले. माणसाचे डोळेही शेजारी शेजारी बसविलेले असल्यामुळे आडवे सुमारे २०० अंश पाहतात, उभे १३० च्या आसपास. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४, म्हणजे आडवीच. तेव्हा निसर्गचित्र आडवे आणि व्यक्तिचित्र उभे, अशी समजूत रूढ झाली. (रोलायफ्लेक्सवाले सुखी! त्यांची चौकट चौरस.) आता खिशातला फोन उभा धरण्याची सवय पडली, म्हणून शेतांची चित्रेही उभी येऊ लागली. पूर्वी यंत्र ठरवीत होते, आजही यंत्रच ठरविते.

२०१९ चा उन्हाळा आठवा. काटोल, नरखेड, वरूड या भागांत संत्र्याच्या बागाच्या बागा वाळल्या. धुऱ्यावर उभे राहून चौकट आडवी धरली, की वाळलेल्या ओळी एका रांगेत येतात. झाडे सहा सहा मीटरवर लावलेली असली, तर पाहणाऱ्याला ओळी मोजून नुकसानीचा अदमास घेता येतो. मध्येच एखादे हिरवे झाड तगले असेल तर तेही दिसते, आणि ते दिसलेच पाहिजे. उभ्या चौकटीत एकच वाळके झाड भरले, तर चित्र मोठे हृदयद्रावक होईल. पण झाड एक गेले की पाचशे, हे त्यावरून कोण सांगणार? पंचनामा करणाऱ्याने तरी त्यावर विश्वास का ठेवावा?

परंतु आडव्या चौकटीला जे साधत नाही, तेही पाहा. दोन ओळींच्या मधोमध बसून चौकट उभी करा. पायाशी भेगाळलेली काळी माती, पुढे निमुळता होत जाणारा तास, वर ढगाचा ठिपका नसलेले आभाळ, ही तिन्ही एकत्र येतात. विहिरीचे तर विचारूच नका. काठावरून आडवे चित्र घेतले तर कठडा आणि पलीकडची भिंत तेवढी दिसते. उभ्या चौकटीत नजर थराथराने तळच्या डबक्यापर्यंत उतरते, आणि बाग का वाळली हे उमगते.

आमचे मत विचाराल, तर आधी आडवे घ्यावे आणि जागेवरच उभेही घ्यावे. आडव्यातून मागाहून उभे कापून काढू, असे पुष्कळजण म्हणतात. त्याच प्रमाणात कापले, तर ३६ पैकी १६ मिलिमीटरच रुंदी उरते, अर्ध्याहून अधिक चित्र वाया जाते. आणि पुन्हा जाऊन घ्यावे म्हटले, तर तोवर वाळकी झाडे सरपणासाठी तोडलेली असतात.