तो आकडा थोडा हलला असता तर



मागच्या रांगेतून जेवणाच्या खुणा आताच सुरू झाल्या आहेत. (रांग तीच, माणसेही तीच!) म्हणून थोडक्यात बोलतो.

प्रकाशाचा वेग, गुरुत्वस्थिरांक, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार हे आकडे आपण पाठ केले. ते तेवढेच का, हे सरांनी सांगितले नाही, कारण ते आजही कुणाला ठाऊक नाही.

1953 साली फ्रेड हॉईल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, ताऱ्यांत कार्बन कसा शिजतो याचा विचार करत होते. दोन हेलियम केंद्रके जुळून बेरिलियम-8 होते, पण ते सेकंदाच्या अब्जांशाच्याही कोट्यंशात फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन चिकटायला हवे. हॉईल म्हणाले, कार्बनच्या केंद्रकाला अगदी सोयीच्या जागी एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर जगात एवढा कार्बन दिसला नसता. कॅलटेकमधल्या मंडळींना आधी हे पटेना. प्रयोग केला, तर पातळी सापडली, 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला!

केंद्रक बांधून ठेवणारे बल अर्ध्या टक्क्याने जरी बदलले, तरी कार्बन किंवा ऑक्सिजन यांपैकी एकाचा मोठा दुष्काळ पडेल, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिताने दाखवले. ऑक्सिजन नाही म्हणजे नुसती हवा नाही असे नव्हे. पाणी नाही, आणि आपल्या पायाखालचा काळा कातळही नाही. पृथ्वीच्या कवचाचे जवळजवळ निम्मे वजन ऑक्सिजनचे आहे.

यावरून आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिले होते, ‘विश्व आपल्यासाठीच बेतले, हे विज्ञानाने सिद्ध झाले.’ मित्रा, नाही झाले. विश्वे असंख्य असतील आणि प्रत्येकाचे स्थिरांक वेगळे असतील, तर आपण राहण्याजोग्या विश्वातच असणार. गावे पाण्याजवळ वसतात, तसेच. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1987 मध्ये याच युक्तिवादाने विश्वस्थिरांकाची मर्यादा काढली. 1998 च्या निरीक्षणांतून निघालेले मूल्य त्या मर्यादेत बसले. उलट 2008 मध्ये फ्रेड अ‍ॅडम्स यांनी दाखवले की स्थिरांक बरेच बदलले तरी तारे पेटू शकतात. म्हणजे आपले विश्व वाटते तितके काठावर नसेलही. दुसरे विश्व पाहायची सोय नाही, म्हणून माझ्या लेखी बहुविश्व ही अजून कल्पनाच आहे. चांगली, पण कल्पना.

आपल्याच विश्वातले स्थिरांक मात्र तपासता येतात. अब्जावधी वर्षांपूर्वी क्वेसारांकडून निघालेल्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषांची अंतरे मोजून शास्त्रज्ञ ते पाहतात. आज शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमतो आहे. त्यातून एक बरा वर्णपटमापी घ्यावा, अशी माझी सूचना आहे. मिठाची चिमूट ज्योतीत टाकली की सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा आठवी-नववीच्या मुलांनाही दिसतील. त्या दोघींमधले अंतर किती असावे, हे याच स्थिरांकांवर ठरते. पावतीपुस्तक दाराशी आहे.